मोरी उडवलीय, आता काय कराल?

सैन्यात इंजिनिअर व्हायचंय, असं म्हणणारी मुलं भेटली की मी आधी एकच विचारतो. रस्त्याखालून पाणी नेणारी मोरी शत्रूनं उडवलेली आहे, मागे रणगाडे खोळंबलेत, समोरून मशीनगन चालू आहे. मोरी बांधाल? बहुतेक जण सिमेंटचा हिशोब मांडू लागतात.

एप्रिल १९४८ मध्ये, पाकिस्तानशी झालेल्या पहिल्या युद्धात, जम्मू भागातल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर हा पेच सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्यापुढे होता. कारवारजवळच्या चेंडियाचे, १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये (सॅपर म्हणजे सैन्यातला इंजिनिअर जवान) शिपाई म्हणून भरती झालेले, ब्रह्मदेशात लढून आलेले. ८ एप्रिलला सुरुंग काढायला घेताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्यांत राणेही होते. ते मागे गेले नाहीत. उडवलेल्या मोरीशी झुंजत न बसता त्यांनी बगलेनं वाट काढून रणगाडे पुढे नेले. पुढे पाइनची पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग. पहाटे पावणेपाचला गोळीबारातच काम सुरू केलं, साडेसहाला वाट मोकळी. ११ तारखेला रस्ता वाटेवरच्या चिंगसपर्यंत खुला झाला. त्यांना परमवीरचक्र मिळालं. त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहेच, पण आत्ता किती काम पुरेसं आहे हे ओळखणारी त्यांची नजर मला तितकीच मोठी वाटते.

ती नजर मला उशिरा आली. पहिल्या डोंगरी रस्त्यावर मी रुंदी अचूक धरली आणि डोंगराकडचा चर उथळ ठेवला. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी रस्त्यावरून वाहिलं, दरीकडची कड तुटून गेली. आमच्या हवालदारसाहेबांनी मला त्याच पावसात चालवत नेलं आणि पाणी कुठून उतरतं ते एकेक ओघळ दाखवून समजावलं. इतका मोलाचा तास मला कुठल्याच वर्गात मिळाला नाही.

वाटा अनेक आहेत. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स किंवा शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल, पुढे दापोडीच्या सीएमईत, म्हणजे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये, शिक्षण. अग्निवीर म्हणून खडकीला सॅपर होता येतं. १९६० पासून सीमेवरचे रस्ते बांधणारी बीआरओ, म्हणजे बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशनसुद्धा आहे. अटी बदलतात, ताजी जाहिरातच वाचा.

तयारी मात्र आजच करता येते. पावसाळ्यात ताम्हिणीत किंवा वरंध घाटात जा, जपून. कुठली मोरी दगडमातीनं तुंबलीय, पाणी कुठे रस्ता सोडून धावतंय, ते वहीत रेखाटा. वही भरली की मला दाखवायला आणा.