पीएसएचा रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला लागतो, तेव्हा काय करायचं

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पसरला म्हणजे उद्याच सगळं संपलं असं नसतं, औषधांवर बरेच जण वर्षानुवर्षं काढतात, पण आपलं किती ते कोणीच छातीठोक सांगत नाही आणि खरा त्रास तोच. मी पेशंट आहे, डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्या-इंजेक्शनचं काहीही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

सगळ्यात वाईट दिवस म्हणजे पीएसएसाठी (प्रोस्टेटच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) रक्त देऊन आल्यापासून व्हॉट्सॲपवर पीडीएफ येईपर्यंतचे. रिपोर्ट कोण उघडणार हे आधीच ठरवून टाका. आमच्याकडे मुलगी उघडते, मी मोबाईल तिच्याकडे देऊन भाजी आणायला जातो. जमलं तर ओपीडीच्या एक-दोन दिवस आधीच रक्त द्या, म्हणजे आकडा उशाशी घेऊन आठवडाभर झोपायला नको. लॅब दरवेळी तीच ठेवा, लॅब बदलली की आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो आणि उगाच झोप उडते. 0.8 चं 1.1 झालं की पोटात गोळा येतो हे खरं, पण डॉक्टर एका आकड्यावर काही ठरवत नाहीत, मागचे रिपोर्ट, स्कॅन, तुम्हाला होणारा त्रास असं सगळं मिळून बघतात.

दुसरं, जे मला कोणी आधी सांगितलंच नाही. चिडचिड, टीव्ही बघता बघता रडू येणं, रात्री एकदम अंगातून वाफा निघून बनियन ओला होणं, यातलं बरंचसं हार्मोनच्या इंजेक्शनमुळे असू शकतं, कारण टेस्टोस्टेरॉन पार खाली जातं. ऑपरेशन करून अंडकोष काढले असतील तरी तेच. अबिराटेरॉनसोबत (ही कॅन्सरची गोळी) प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असेल तर त्यानेही झोप उडते, ती स्टिरॉइडची गोळी सकाळी घेतली तर चालेल का विचारा, पण मनाने बंद अजिबात करू नका. घामावर, उदासीवर उपाय आहेत, फक्त तोंड उघडून सांगावं लागतं. इच्छा मरते त्याबद्दलही बायकोशी बोला, नाहीतर तिला वाटतं आपलं काहीतरी चुकलं.

आता पाठदुखी. पाठ भरून आली की आपण लगेच "मणक्यात वाढलं" इथपर्यंत पोचतो. डॉक्टरांकडून एकदाच स्पष्ट लिहून घ्या की कशासाठी त्याच दिवशी पळायचं आणि कशासाठी पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबलं तरी चालेल. पाय अचानक लुळे पडणं किंवा बधिर होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पाठीत कधी नव्हती अशी जबरदस्त कळ, यात रात्र असली तरी थेट इमर्जन्सी, कारण मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. हा कागद फ्रिजवर लावल्यापासून बाकीच्या दुखण्यांना मी कमी घाबरतो.

रात्री तीनला जे प्रश्न येतात ते वहीत लिहा. ज्याला उत्तर आहे (पुढचं औषध कोणतं, खर्च किती, योजनेत बसतं का) ते ओपीडीत विचारायचे. ज्याला उत्तरच नाही त्याच्यासाठी संध्याकाळची वीसेक मिनिटं ठेवा, तेवढ्यात काय करायची ती काळजी करा, मग चालायला जा. सुरुवातीला वेडेपणा वाटतो, पण बऱ्यापैकी चालतं.

नातेवाइकांचं "पॉझिटिव्ह राहा" ऐकून डोकं फिरतं, घरातल्या एकालाच अपडेट द्यायला सांगा. कोणी काढा-चूर्ण दिलं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

पॅलिएटिव्ह म्हटलं की लोक शेवटचंच समजतात. तसं नाही, उपचार चालू असतानाच दुखणं, झोप, भीती यासाठी ते डॉक्टर मदत करतात, मुंबईत टाटाला तर वेगळा विभागच आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आणि बँकेचं नॉमिनेशन, मृत्युपत्र वगैरे एका दुपारी उरकून घ्या. घरचे म्हणतील अशुभ बोलू नका, तरी उरकाच.