इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

सगळ्यात चिवट चूक ही: ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ एका वाक्यात दोन घोळ. मराठीत ‘पाच वर्षांपासून काम करतोय’ चालतं, म्हणून तोच वर्तमानकाळ उचलला जातो. इंग्रजीत मात्र मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामाला ‘हॅव बीन वर्किंग’ लागतं. ‘सिन्स’पुढे सुरुवात कधी ते येतं (सिन्स २०१९, सिन्स मंडे), ‘फॉर’पुढे किती काळ ते (फॉर फाइव्ह इयर्स). ‘नो’ (ओळखणं) अशासारख्या क्रियापदाला आयएनजी नको: ‘आय हॅव नोन हिम सिन्स २०१९’. बायोडेटात ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ लिहिलंत, तर नोकरी सोडली असाच अर्थ निघतो. आणि ‘सिन्स’शिवाय नुसतं ‘येस्टर्डे’ आलं की ‘हॅव’ गेलंच: ‘आय सॉ हिम येस्टर्डे’. आधी वाक्यातला काळाचा शब्द शोधा, मग क्रियापद लिहा. ‘महिन्याभरात फाडफाड इंग्रजी’वाले नेमकी हीच पायरी गाळतात.

‘डिस्कस अबाउट’मधलं ‘अबाउट’ आणि ‘रिटर्न बॅक’मधलं ‘बॅक’ फुकटचं. ‘डिड’नंतर ‘गो’, ‘वेंट’ नाही. ‘अ’ की ‘ॲन’ हे स्पेलिंग बघून नव्हे, कानाने ठरवा: ॲन अवर, अ युनिव्हर्सिटी, ॲन एमबीए. ‘इट्स’च्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ बसत असेल तरच ॲपॉस्ट्रॉफी. साध्या अनेकवचनाला तो नाही, दुकानांच्या पाट्या काहीही म्हणोत.

स्वल्पविराम मात्र महागात पडतो. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती. तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असं लिहिलेलं, ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नाही. म्हणजे माल पोहोचवणं हे वेगळं काम, की दोन्हींसाठीचं पॅकिंग हे एकच? ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर माल पोहोचवायचे, पॅकिंग करत नव्हते. २०१७ मध्ये अपील कोर्टाने ही संदिग्धता त्यांच्या बाजूने धरली. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे कायद्यातल्या त्या यादीत अर्धविराम आले.

‘अँड’आधी स्वल्पविराम नको असं शाळेत शिकवलेलं असतं. साध्या यादीत ते खपतं. पण शेवटच्या दोन कामांची सरमिसळ होत असेल तर तो द्याच, नाहीतर यादीचा क्रम बदला. तपासणाऱ्या ॲपने खाली रेघ मारली म्हणून डोळे मिटून क्लिक करू नका. तुम्हाला काय म्हणायचंय ते त्याला ठाऊक नसतं. आणि स्वल्पविरामाआधी स्पेस नाही, नंतर एकच.