सीपीयू म्हणजे तो डबा नव्हे : संगणकाच्या शब्दांतल्या या चुका टाळा

जुलैतल्या एका मुसळधार दुपारी आमच्या शाळेच्या लॅबमध्ये खिडकीतून पाणी आलं. ‘अरे, सीपीयू उचला आधी!’ असं मी ओरडलो आणि आठवीतल्या चार पोरांनी भराभर कॅबिनेट टेबलावर चढवले. आदल्याच तासाला मी त्यांना शिकवलं होतं की सीपीयू म्हणजे सगळी आकडेमोड करणारी बिस्किटाएवढी चिप, मदरबोर्डवर (डब्यातल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर) पंख्याखाली बसलेली. म्हणजे चूक पोरांची नव्हती, मास्तरांचीच होती.

दुकानदार, दुरुस्तीवाले, आम्ही शिक्षक, सगळे त्या डब्याला सीपीयूच म्हणतो. बोलण्यात ते खपतं. पण संगणक अजिबात सुरू होत नाही आणि घरचे म्हणतात ‘सीपीयू गेला’, तेव्हा नव्या संगणकाचा खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो. अशा वेळी सीपीयू क्वचितच गेलेला असतो. आधी प्लग बघा, मग डब्यातला पॉवर सप्लाय तपासून घ्या. शब्द चुकला की बिघाड शोधायची दिशाच चुकते. म्हणून व्याख्या पाठ करण्यापेक्षा ‘हा शब्द नेमका कुठल्या वस्तूचा?’ हे विचारायची सवय लावा.

‘मेमरी फुल’ : कुठली मेमरी?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मोबाइल अडकत चालतो म्हणून मुलं गणपतीचे फोटो पुसतात, आणि ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश आला की उघडी अ‍ॅप बंद करत बसतात. दोन्ही उपाय बरोबर आहेत, फक्त अदलाबदल झालीय. फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप जिथे साठतात ते स्टोरेज. चालू असलेलं काम ज्यावर पसरलेलं असतं ती रॅम. मोबाइल बंद करून चालू केल्यावर जे उरतं ते स्टोरेजमधलं. जे गेलं ते रॅममधलं होतं.

मुंबईत वीज फारशी जात नाही, त्यामुळे आमच्या मुलांना अधूनमधून सेव्ह करायची सवयच नाही. गावाकडून बदलून आलेला मुलगा मात्र दर दोन ओळींनी कंट्रोल-एस दाबतो! त्याला रॅमची व्याख्या येत नव्हती, पण रॅम कळली होती.

जाता जाता एक गंमत. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘टीफ्रॅक’ या संगणकाच्या मुख्य मेमरीत २०४८ ‘शब्द’ मावत. हा शब्द म्हणजे मेमरीतला एक कप्पा, आणि एकेक कप्पा ४० बिटांचा. बिट म्हणजे एक ० किंवा १, आठ बिटांचा एक बाइट. गुणाकार करून आठने भागा. जेमतेम १० केबी. तुमच्या मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावला नसता, पण आपल्या शहरातले शास्त्रज्ञ त्यावर संशोधनाची गणितं सोडवत होते.

पेन ड्राइव्हमधले जीबी कोण खातं?

एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी लॅमिंग्टन रोडवरून ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला. संगणकावर दिसले ५९.६. ते पुन्हा दुकानात गेले, भांडण झालं, दुकानदाराने कंपनीकडे बोट दाखवलं. फसवणूक कुणीच केली नव्हती. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज मात्र १०२४ × १०२४ × १०२४ म्हणजे साधारण १०७ कोटी बाइटला १ जीबी म्हणतं. बाइट तेवढेच, माप वेगळं. खरं तर या दुसऱ्या मापाला १९९८ मध्ये ‘गिबीबाइट’ असं वेगळं नावही दिलं गेलं, पण विंडोजने ते उचललं नाही आणि भांडण आपल्या वाट्याला आलं. परीक्षेत १ केबी म्हणजे किती असं विचारलं तर तुमच्या पुस्तकात असेल ते लिहा, बहुधा १०२४ असेल.

पदपथावर किरकोळ पैशांत मिळणारा ‘२ टीबी’चा पेन ड्राइव्ह ही मात्र निराळी गोष्ट. त्यातली चिप आकडा खोटा सांगते, आणि खरी जागा संपली की पुढच्या फायली कॉपी होताना दिसतात पण उघडत नाहीत.

याच घराण्यातली दुसरी चूक म्हणजे बिट आणि बाइट. ‘शंभरचा प्लॅन घेतलाय, पण डाउनलोड बाराच्या वर जात नाही, केबलवाला फसवतो’ ही तक्रार दर वर्षी एकदा तरी ऐकतो. प्लॅनमधले १०० हे सेकंदाला मेगाबिट. डाउनलोडची खिडकी बहुतेक वेळा मेगाबाइट दाखवते. आठने भागलं की १२.५. केबलवाला या बाबतीत तरी निर्दोष आहे.

वायफाय आहे, नेट नाही

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. शाळा तेव्हा ऑनलाइन होती. माझ्या पडद्यावरून एकेक चेहरा नाहीसा होत गेला. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, ‘सर, आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, वायफायच्या सगळ्या काड्या दिसत होत्या, तरी क्लास बंद!’ तिचं बरोबर होतं. वायफाय म्हणजे तुमचा मोबाइल ते घरातला राउटर एवढाच बिनतारी रस्ता. काड्या दिसतात त्या तेवढ्याच रस्त्याच्या. राउटरपुढे बाहेर जाणारी केबल, ते इंटरनेट. म्हणून काड्या भरलेल्या आणि काहीच उघडत नाही, तेव्हा मोबाइलशी झटापट करू नका. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ या नावाचा लाल दिवा लागलाय का बघा. लागला असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाहीये. केबल वाकली असेल, उंदराने कुरतडली असेल, नाहीतर रस्ता खोदताना तुटली असेल.

इंटरनेट आणि वेब हेही एक नव्हेत. वेब म्हणजे इंटरनेटवरून उघडणारी, एकमेकांना जोडलेली पानं. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली, इंटरनेट त्याच्या आधीपासून होतं. आणि ही पानं उघडणारा ब्राउझर म्हणजे क्रोम, गुगल नव्हे. ‘डेटा’ या शब्दाचंही तसंच. आईचा डेटा संपतो तेव्हा पॅक संपलेला असतो. दादाचा डेटा उडतो तेव्हा फायली गेलेल्या असतात. मदत करण्याआधी विचारून घ्या.

‘मुंबई’ किती अक्षरांची?

हा प्रश्न मी दर वर्षी नववीला विचारतो. वर्गातून ‘तीन!’ असा आवाज येतो. मग पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेला लांबी विचारायची. तो सांगतो ५. म, उकार, अनुस्वार, ब, ई. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, उकार आणि अनुस्वार यांना स्वतंत्र क्रमांक असतात, म्हणून बॅकस्पेस दाबला की ‘मुं’चा आधी अनुस्वार जातो, मग उकार. आणि हे क्रमांक यूटीएफ-८ या पद्धतीने फाइलमध्ये साठवले तर हा शब्द १५ बाइट घेतो, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तिथे तीन बाइट लागतात. तीन, पाच, पंधरा. तिन्ही उत्तरं बरोबर, फक्त प्रश्न वेगवेगळे: अक्षरं किती, चिन्हं किती, बाइट किती?

हे का महत्त्वाचं, ते प्रकल्पाच्या वेळी कळतं. कोपऱ्यावरच्या टायपिंगच्या दुकानातून मराठी प्रकल्प करून आणतात आणि शाळेच्या संगणकावर तो इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो. मुलं म्हणतात, ‘व्हायरस आला’. व्हायरस नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं की फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो. दुकानदाराला ‘युनिकोडमध्ये करा’ एवढंच सांगा. छापूनच द्यायचं असेल तर पीडीएफ मागा, त्यात बहुधा फॉन्ट बरोबरच येतो.

एरर आला नाही, म्हणजे बरोबर?

‘बग’वर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीवर, टीप लिहा म्हटलं की मुलं लिहितात, अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांना यंत्रात पतंग (किडा, इंग्रजीत ‘बग’) सापडला आणि हा शब्द जन्मला. पतंग खरा आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकात तो निघाला आणि वहीत चिकटवला गेला. पण वहीत त्याखाली ‘बग सापडल्याचा पहिला खराखुरा प्रसंग’ अशा अर्थाची नोंद आहे. शब्द आधीपासून रुळलेला नसता तर हा विनोद कुणाला कळला असता? एडिसनही तो वापरत असे.

आमच्या लॅबमधला बग याहून साधा असतो. दोन विषयांची सरासरी काढायची होती. एका मुलाने दोन्ही गुणांची बेरीज भागिले दोन असं लिहिलं, कंस न देता. ७० आणि ८०. एररचा लाल अक्षरांतला मजकूर आला नाही, म्हणून त्याने वही मिटली. संगणकाने आधी ८० ला दोनने भागलं, त्यात ७० मिळवले. मी म्हटलं, ‘किती सरासरी आली तुझी?’

‘एकशे दहा, सर.’

‘शंभरपैकी?’

त्याने वही पुन्हा उघडली.