पेव्हर सगळ्यात शेवटी: बडोद्याची पोळ सावरायला घेण्याआधीची तयारी

मांडवी, रावपुरा, दांडियाबाजार, वाडी या भागांत पोळ, म्हणजे जुन्या शहरातली दाट घरांची अरुंद गल्ली, सुधारायची ठरली की पहिली मागणी पेव्हर ब्लॉकची येते आणि दुसरी रंगाची. दोन्ही रास्त आहेत, पण दोन्ही शेवटची कामे आहेत. आधी गटार, मग पाण्याची नळी, मग गॅस आणि वायरी, मग फरसबंदी, आणि रंग अगदी शेवटी. हा क्रम चुकला की वर्षभरात नवी गल्ली पुन्हा खणावी लागते. एकदा फोडलेली फरसबंदी पहिल्यासारखी बसत नाही आणि लोकांकडे दुसऱ्यांदा वर्गणी मागायला तोंड राहत नाही. म्हणून खालची तयारीही याच क्रमाने सांगितली आहे.

कामाला हात लावायच्या आधीचा एक अख्खा पावसाळा पाहणीसाठी ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये जोराची सर येऊन गेली की अर्ध्या तासाने गल्लीत फिरा. पाणी कुठे साचून राहिले, कोणते चेंबर आधी उसळले, कुणाच्या ओट्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी चढले, याच्या खुणा ऑइलपेंटने भिंतीवर करा आणि घर क्रमांकासह फोटो काढून ठेवा. फेब्रुवारीत कोरड्या गल्लीत उभे राहून ठरवलेला उतार अंदाजानेच ठरलेला असतो. गणपती झाले की पहिली बैठक घ्या. वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज दिवाळीच्या आत गेला पाहिजे, कारण महापालिकेचे पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक थंडीत आकार घेते आणि त्यानंतर आलेली मागणी पुढच्या वर्षावर जाते. प्रत्यक्ष खोदकाम फेब्रुवारी ते मे. १५ जूननंतर एकही चर उघडा राहता कामा नये.

समिती सात ते नऊ जणांची पुरे. तिच्यात निदान दोन भाडेकरू, एक दुकानदार, गणेश मंडळातला एखादा कामसू मुलगा आणि घरचे पाणी भरणाऱ्या दोन-तीन बायका हव्यातच. पाणी किती वाजता येते, किती वेळ गढूळ येते, कोणत्या घरी दाब कमी असतो, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. बैठकीची वेळ पाण्याच्या वेळेवर घालू नका. सूचना गुजराती आणि मराठी दोन्हींत लावा. पोळीत आता दोन्ही भाषांची आणि बाहेरून आलेल्या भाडेकरूंचीही घरे आहेत. एकाच भाषेतली सूचना म्हणजे उरलेल्यांना न दिलेले आमंत्रण. बँकेतले खाते तिघांच्या नावे आणि कोणत्याही दोघांच्या सहीने चालणारे ठेवा. जमाखर्चाचा कागद दर महिन्याला फळ्यावर लागला पाहिजे, खर्च शून्य असला तरी.

मग घरोघरची नोंद. प्रत्येक घरासाठी एक कागद: मालक कोण, राहते कोण, बंद असेल तर केव्हापासून, किल्ली कुणाकडे, नळजोड किती, मोरीचे पाणी कुठे जाते, छपराची पन्हळ कुठे सुटते. मालकाच्या नावासाठी सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर बहुधा पणजोबांचेच नाव निघते आणि वारस पुण्या-मुंबईपासून परदेशापर्यंत पसरलेले असतात. त्यांना पाठवायच्या पत्रात फक्त दोन गोष्टींची संमती मागा: घराची गटार-जोडणी बदलणे आणि गल्लीकडच्या भिंतीची दुरुस्ती. ‘या संमतीने मालकीहक्कावर किंवा हिश्श्यावर कोणताही परिणाम होत नाही’ हे वाक्य ठळक लिहा; हिस्सेदारांची सही अडते ती याच भीतीने. घरांच्या खरेदी-विक्रीत समितीने अजिबात पडू नये. जुन्या शहराचे बरेच भाग १९९१ च्या अशांत धाऱ्याखाली (अशांत ठरवलेल्या भागांतल्या मालमत्ता विक्रीवर बंधन घालणाऱ्या कायद्याखाली) येतात आणि तिथल्या विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्या भानगडीत समिती अडकली की गटाराचे काम मागेच पडते.

नकाशा हातानेच काढा, पण मापाने. ३० मीटरचा टेप आणि ए-३ कागद पुरतो. १:२०० प्रमाणात ६० मीटरची पोळ कागदावर ३० सेंटीमीटर होते. त्यावर चेंबर, नळाच्या पेट्या, विजेचे खांब, गॅसचे व्हॉल्व्ह, पन्हळींची तोंडे आणि बाहेर आलेले ओटे दाखवा. पातळी घ्यायला गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी चालते. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, एवढ्याने दोन-तीन सेंटीमीटरची चूक होते आणि आपल्या उतारात तेवढी चूक परवडत नाही.

ती का परवडत नाही, तेही पाहू. १५० मिलिमीटर व्यासाच्या गटाराच्या नळीला साधारण १:१०० उतार हवा. म्हणजे ६० मीटरच्या पोळीत टोकापासून तोंडापर्यंत नळी ६० सेंटीमीटर खाली उतरली पाहिजे. वरच्या टोकाला ती पाऊण मीटर खोल असेल तर तोंडाशी १.३५ मीटर खोल येते, आणि बाहेरच्या रस्त्यावरची मुख्य गटारवाहिनी त्याहून खोल असेल तरच पाणी उतरेल. म्हणून पहिले माप रस्त्यावरच्या चेंबरचे. त्याचे झाकण वॉर्डच्या ड्रेनेज कर्मचाऱ्यांकडून उघडवून तळाची खोली मोजा आणि मगच बाकीचे आखा. हे माप न घेता टाकलेली नळी शेवटच्या दहा मीटरांत सपाट करावी लागते आणि गटार नेमके तिथेच तुंबते.

कोणत्या घराचे पाणी कुठून जाते हे शोधायची सोपी रीत आहे. एका घराच्या मोरीत खाण्याचा लाल रंग घातलेले बादलीभर पाणी ओता आणि पुढच्या दोन-तीन चेंबरांवर माणसे उभी करा. दहा मिनिटांत रंग दिसला तर जोडणी ठीक. दिसलाच नाही तर पाणी बहुधा जमिनीत मुरते आहे आणि शेजारच्या भिंतीची ओलही तिथूनच येत असावी. एका वेळी एकच घर घ्या, नाहीतर रंग कुणाचा ते कळत नाही. याच पाहणीत गच्चीच्या पन्हळी गटारात सोडलेली घरेही सापडतात. पावसात चेंबर उसळण्याचे सगळ्यात मोठे कारण तेच असते. मैल्याच्या नळीला एका सरीचे छपराचे पाणी पेलत नाही. पन्हळीचे पाणी वेगळ्या उथळ नालीने बाहेर काढायचे, हे बैठकीतच ठरवून त्यावर सह्या घ्या.

नवे चेंबर दर १० ते १५ मीटरांवर आणि प्रत्येक वळणावर. तळ सपाट ठेवला तर मैला तिथेच बसतो. तळाशी नळीच्या गोलाईची पन्हाळी सिमेंटने घोटून घ्यावी लागते आणि दोन्ही बाजूंचा काठ तिच्याकडे उतरता ठेवावा लागतो. गवंडी घाईत हेच टाळतो. म्हणून चेंबर झाकण्याआधी समितीतल्या कुणीतरी टॉर्च लावून आत पाहावे. झाकणावर ओटा किंवा पायरी आलेली असेल तर ती आधी मोकळी करा. हे बोलणे अवघड जाते, आणि म्हणूनच ते घरातल्या वडीलधाऱ्यांशी आणि खोदकामाच्या महिनाभर आधी व्हावे. गटारात माणूस उतरवू नका, ‘दोन मिनिटांचे काम’ म्हणूनसुद्धा नाही; सुरक्षा साधनांशिवाय गटार साफ करायला माणूस लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. जेटिंगची (पाण्याच्या जोराने गटार साफ करणारी) गाडी पोळीत शिरत नसेल तर ती उभी राहील त्या जागेपासून शेवटच्या चेंबरपर्यंतचे अंतर मोजून अर्जातच लिहा, म्हणजे तेवढ्या लांबीचा पाइप येईल.

नळी टाकली म्हणजे काम झाले असे नव्हे, याचे उदाहरण इंदूरचे आहे. तिथल्या वस्त्यांना गटार, रस्ते आणि पाणी यांनी जोडणाऱ्या स्लम नेटवर्किंग प्रकल्पाला १९९८ चा आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पण पुढे घरांच्या जोडण्या अपुऱ्या राहिल्याची आणि गटारे तुंबल्याची टीका त्याच कामावर झाली. त्यामुळे घराच्या आतली जोडणी कोण करणार, तिचा खर्च कोण देणार आणि पुढे चेंबर कोण साफ करवून घेणार, ही तीन नावे कामाच्या आधी कागदावर यायला हवीत.

पाण्याची नळी गटारापेक्षा निदान अर्धा मीटर वर आणि जमेल तेवढी लांब ठेवा. अरुंद पोळीत दोन्ही शेजारीच येतात, म्हणून उंचीतला फरक सोडू नका. जुने लोखंडी नळजोड गटारातून गेलेले असतात. पाणी ठरावीक वेळच येते. बाकीचे तास नळी रिकामी असते आणि गंजलेल्या भोकातून घाण आत ओढली जाते. असे जोड शोधून ते वरून वळवून घ्या. टोकाच्या घरी क्लोरीनची चाचणी करा. किट स्वस्त मिळते, शिल्लक क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी दाखवले तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा. पाणी सुटल्यावरची पहिली पाच मिनिटे सोडून नमुना घ्या.

खोदण्याआधी वडोदरा गॅस आणि एमजीव्हीसीएल (वीज कंपनी) या दोघांनाही लेखी कळवा आणि त्यांचा माणूस जागेवर आल्याशिवाय जेसीबी किंवा ब्रेकर लावू नका. गॅसच्या पिवळ्या नळ्या कुठे कुठे फारच उथळ असतात. टीव्ही आणि इंटरनेटच्या मेलेल्या वायरी याच वेळी काढून घ्या. रंगापेक्षा एवढ्यानेच पोळ अधिक मोकळी दिसते.

पडायला आलेल्या घरांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो रंगाने झाकू नये. सागवानी तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे आधी कुजते. टोकाशी पेचकस दाबून पाहा. तो सहज आत गेला, किंवा ठोकल्यावर पोकळ बोलले, तर खालून टेकू देऊन जाणकार सुतार आणि अभियंता बोलवा. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक घराला नोटीस निघते. ती मागायला लोक कचरतात, कारण नोटीस म्हणजे पाडकाम असे वाटते. पण दुरुस्ती करूनही धोका दूर करता येतो, म्हणून अर्जासोबत दुरुस्तीचा आराखडा जोडा. जुन्या विटांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. ओल आत कोंडते, वर लोणा फुटतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत विटेचा भुगा होऊ लागतो. कळीचा चुना निदान दोन-तीन आठवडे पाण्यात मुरवून चुना एक भाग, वाळू दोन भाग आणि विटेची भुकटी एक भाग असा गिलावा करा. पाणी मारणे आठवडाभर तरी चुकवू नका. बंद घरांतले कोरीव खांब आणि दारे उचलायला दलाल फिरत असतात. प्रत्येक नक्षीचा फोटो नोंदीत असू द्या.

आता फरसबंदी. ६० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद पोळ म्हणजे १८० चौरस मीटर. तुटफूट धरून १९० चौरस मीटर ब्लॉक मागवा. दुचाकी आणि हातगाडीपुरता ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक ठीक, टेम्पो आत येत असेल तर ८०. खाली ३० मिलिमीटर वाळू, म्हणजे दाबल्यावरचा हिशोब धरून साधारण साडेसहा घनमीटर. चर भरताना थराथराने पाणी मारून धुम्मस केले नसेल तर पहिल्या पावसात तिथेच खड्डा बसतो. आडवा उतार ५० ला १. कडेला काँक्रीटची पट्टी नसेल तर ब्लॉक सरकतात. फरशीची पातळी कुणाच्याही उंबऱ्याच्या वर जाऊ देऊ नका. जुन्या थरावर नवा थर चढत गेल्यानेच ओटे जमिनीत गेले आहेत. जुना थर खरवडून काढणे निविदेतच लिहून घ्या.

मांडवाचे खड्डे विसरू नका. गणपती आणि नवरात्रात दरवर्षी पहारीने फरशी फोडली जाते. मंडळाच्या मुलांना सोबत घेऊन मांडवाच्या बांबूंच्या जागा आखा आणि तिथे ११० मिलिमीटर पीव्हीसी नळीचे अर्ध्या मीटरचे तुकडे उभे पुरा. तळाशी खडी, वर फिरकीचे झाकण. ही सोय केली तर मुले फरशी स्वतः जपतात. मांडवाच्या दिवसांतही अग्निशमनाचा पाइप आत नेता येईल एवढी वाट सोडा आणि पोळीच्या दोन्ही टोकांना सहा किलोचा एकेक अग्निशामक ठेवा.

कचऱ्याचे थोडक्यात: पोळीच्या तोंडावरचा उकिरडा हलवायचा तर गाडीची वेळ आधी पक्की करा आणि ओला-सुका वेगळा देणारी घरे वाढवा. कुंडी नुसती हटवली तर ढीग चार पावले पुढे सरकतो.

पैशाचे बोलण्याआधी गल्लीची मालकी विचारा. महापालिकेच्या दप्तरी ती सार्वजनिक असेल तर मूळ काम त्यांचेच आहे, वर्गणी काढू नका. खाजगी निघाली तर राज्याच्या जनभागीदारी योजनेत ७० टक्के सरकार, २० टक्के रहिवासी आणि १० टक्के महापालिका असा वाटा असतो. समजा अंदाज १० लाखांचा आणि घरे ४०, तर घरटी ५ हजार. भाडेकरू आणि घरमालक यांच्यात हे कसे वाटायचे ते आधीच ठरवा. जुन्या भाड्यांत मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूला ती आपली वाटत नाही. गेल्या वेळच्या कामाचा दोषनिवारण काळ चालू आहे का, हेही माहिती अधिकारात विचारा. अर्जाला गुजरातेत २० रुपये शुल्क आहे आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत. काळ चालू असेल तर ठेकेदाराला दुरुस्ती फुकट करून द्यावी लागते.

समितीच्या पैशातून होणाऱ्या कामाची १० टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा आणि ते करारात आधी लिहा, तोंडी नको. चर बुजवण्याआधी प्रत्येक जोडाचा टेप धरून फोटो घ्या: घराच्या कोपऱ्यापासून किती आणि किती खोल. हे फोटो, नकाशा, संमतीपत्रे आणि चेंबर उघडायचा लोखंडी हूक दोन वेगवेगळ्या घरी ठेवा, त्यातले एक भाडेकरूचे असावे.