दुसऱ्या ऑपरेटरशी पीओआय उभा करताना

‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ ही घोषणा सगळ्यांनी ऐकली आहे. तो ‘मार्ग’ बहुतेक वेळा दोन कंपन्यांच्या हद्दीवर असतो. एका ऑपरेटरचं नेटवर्क जिथे दुसऱ्याला जोडलं जातं त्या ठिकाणाला आम्ही पीओआय म्हणतो. मी पुण्यात एका छोट्या ऑपरेटरच्या इंटरकनेक्ट टीममध्ये काम करते. आमचा ग्राहक बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीच्या नंबरवर फोन लावतो, त्यामुळे पीओआय तुंबला की त्याच्या दृष्टीने आमचा फोनच बंद असतो. तुमच्याकडे हे काम नव्याने आलं असेल, तर कुठे वेळ घालवायचा आणि कुठे हट्ट धरायचा ते सांगते.

सुरुवात सर्कलपासून करा. सर्कल म्हणजे दूरसंचार परवान्यासाठी पाडलेला विभाग. देशात २२ सर्कल आहेत. आपल्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, मुंबई येत नाही. मुंबई वेगळं सर्कल आहे, नवी मुंबई आणि कल्याण त्यातच. विनंती, करार, पोर्टची (समोरच्या एक्स्चेंजवर आपली लाइन लागते त्या जागांची) संख्या हे सगळं सर्कलनिहाय मागायचं. ‘महाराष्ट्र’ एवढंच लिहून त्यात मुंबई धरलेली असते आणि पत्र परत येतं.

इंटरकनेक्शन देणं ही परवान्यातलीच सक्ती आहे, कुणाची मेहेरबानी नाही. ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) २०१८चे इंटरकनेक्शन नियम १ फेब्रुवारी २०१८ पासून लागू झाले. विनंती मिळाल्यापासून ३० दिवसांत करार करायचा, आणि तोही भेदभाव न करता. त्याच वर्षी जुलैमध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पोर्ट देण्यासाठी जास्तीत जास्त ४२ कामाचे दिवस मिळतात. नियम मोडणाऱ्याला प्रत्येक सर्कलमागे दिवसाला १ लाख रुपयांपर्यंत भुर्दंड बसू शकतो. पत्र लिहिण्याआधी नंतरच्या दुरुस्त्या ट्रायच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

हे सगळे दिवस ‘विनंती मिळाल्यापासून’ मोजले जातात, म्हणून पोच घेतल्याशिवाय काहीच सुरू झालं असं समजू नका. एका मोठ्या ऑपरेटरने आमचा ट्रॅफिकचा अंदाज ‘मिळालाच नाही’ म्हणून आमची मागणी मागे सारली होती. तेव्हापासून ई-मेल जातोच, शिवाय छापील पत्र हाताने देऊन शिक्का घेतो. २०१६ साली जिओने पुरेसे पोर्ट मिळत नसल्याची तक्रार केली, तेव्हा ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियावर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. इतक्या मोठ्या कंपन्यांमधला तो वादही शेवटी कोणी, कधी, किती पोर्ट मागितले आणि किती मिळाले यावर आला होता. छोट्या ऑपरेटरच्या हातात तर कागदाशिवाय दुसरं काही नसतं.

आता पोर्ट किती मागायचे. इथे घाई करू नका, कारण निम्मं भांडण इथेच असतं. पीओआयवर अडकणाऱ्या कॉलचं प्रमाण ०.५ टक्क्याच्या आत हवं, म्हणजे हजारात ५. २०१८च्या मूळ नियमांत जादा पोर्ट मागण्याचा निकष असा होता (सध्याचा आकडा ट्रायच्या संकेतस्थळावर बघा): मागच्या ६० दिवसांच्या बिझी अवरच्या (दिवसातल्या सर्वाधिक गर्दीच्या तासाच्या) ट्रॅफिकवरून अंदाज बांधायचा, आणि ६० दिवसांनंतरचा वापर क्षमतेच्या ८५ टक्क्यांपुढे जाणार असं दिसलं तर मागायचे. पण कशाचे ८५ टक्के? ई-वन या एका डिजिटल लाइनमध्ये बोलण्याची ३० सर्किट्स असतात. कॉलचा भार एर्लांगमध्ये मोजतात; एक एर्लांग म्हणजे एक सर्किट सतत व्यापलेलं. समोरचा इंजिनिअर ३० चे ८५ टक्के काढून सांगतो, ‘२५ एर्लांगपर्यंत तुम्हाला काही अडचण नाही.’ एर्लांग बी चा तक्ता (किती सर्किट्सवर किती भार आला की किती कॉल अडकतील ते सांगणारा) उघडून त्याच्यासमोर ठेवा. ०.५ टक्के ब्लॉकिंगला ३० सर्किट्स जेमतेम १९ एर्लांग वाहतात. २५ एर्लांग आले तर शंभरातले पाचहून जास्त कॉल अडकतात. ६० सर्किट्सना हाच आकडा साधारण ४५ आहे, १०० सर्किट्सना ८१. पाच ई-वन एकत्र असतील तेव्हा कुठे सर्किटांच्या ८५ टक्क्यांपर्यंत सुरक्षित जाता येतं. म्हणजे सर्किट मोजून टक्केवारी काढली की मोठ्या रूटचं निभावतं आणि लहान रूटचे ग्राहक मार खातात. म्हणून आपल्या पत्रात क्षमता नेहमी एर्लांगमध्ये लिहा, ब्लॉकिंगचा आकडा शेजारी द्या, आणि तक्ता जोडा. बिझी अवर आपल्या स्विचच्या नोंदीवरून घ्या. दिवसाची सरासरी धरली तर संध्याकाळची गर्दी आकड्यातून नाहीशी होते.

लिंक लागण्याआधी दोन्ही बाजूंचा एक तांत्रिक तक्ता सहीनिशी पक्का करा. ई-वनवर असाल तर दोन्ही पॉइंट कोड (प्रत्येक एक्स्चेंजचा सिग्नलिंगमधला पत्ता), नेटवर्क इंडिकेटर (तो पत्ता कोणत्या नेटवर्कमधला ते सांगणारा), सर्किटांचे सीआयसी (सर्किट ओळखण्याचे) क्रमांक, रूट एकतर्फी की दुतर्फी, लाइनचा ताल राखणारं घड्याळ कोणाकडून घ्यायचं आणि सीआरसी-४ (लाइनवरच्या चुका पकडणारी तपासणी) चालू की बंद, हे सगळं त्यात हवं. दुतर्फी रूटवर दोघांनी एकाच क्षणी एकच सर्किट पकडलं तर काय, हेही लिहा. आयएसयूपी म्हणजे ई-वनवर कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश देणारी पद्धत. तिच्या रिवाजाप्रमाणे मोठ्या पॉइंट कोडच्या एक्स्चेंजचा हक्क सम क्रमांकांवर आणि लहानाचा विषम क्रमांकांवर असतो. सिग्नलिंग लिंक (हे संदेश वाहणाऱ्या जोडण्या) दोन घ्या आणि त्या वेगवेगळ्या फायबरवरून आणा. दोन्ही एकाच चरातून गेल्या असतील तर एक जेसीबी पुरेसा आहे.

जोडणी सिपवर (इंटरनेट पद्धतीच्या नेटवर्कवरून कॉल जोडणाऱ्या पद्धतीवर) असेल तर पोर्टऐवजी एका वेळी किती कॉल घ्यायचे ती मर्यादा ठरवा. कोडेक (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) जी.७११ ए-लॉ ठेवा, उगाच ट्रान्सकोडिंग, म्हणजे वाटेत कोडेक बदलणं, नको. डीटीएमएफ (कॉल चालू असताना दाबलेल्या बटणांचे सूर) कसं जाणार, सेशन टायमर (कॉल अजून चालू आहे ना हे ठरावीक वेळाने तपासणारा) किती आणि कॉल उचलण्याआधीचा आवाज कोणत्या बाजूने येणार, हेही आधीच ठरवा. कॉज कोडचं (कॉल का थांबला ते सांगणाऱ्या आकड्याचं) रूपांतरही तपासा: सर्किट नसल्याचा ३४ सिपमध्ये ५०३ म्हणून यायला हवा, ग्राहक बोलत असल्याचा १७ हा ४८६ म्हणून. यात गडबड झाली की तुंबलेला रूट अहवालात ‘ग्राहक व्यस्त’ म्हणून दिसतो आणि कोणालाच पत्ता लागत नाही.

चाचणीला मात्र पूर्ण रात्र द्या. ई-वनवर प्रत्येक सीआयसीवर एकेक कॉल लावून दोन्हीकडून बोलून बघा. ‘नमुन्याला चार-पाच बघू’ असा आग्रह होतो, तो मानू नका. आयएसयूपीमध्ये सिग्नल एका वाटेने जातो आणि आवाज दुसऱ्या. डीडीएफवर (ई-वनच्या केबल जोडायच्या चौकटीवर) दोन ई-वनची अदलाबदल झाली तर रिंग वाजते, कॉल उचलला जातो, बिल सुरू होतं, आणि ग्राहकाला ऐकू येते शांतता, नाहीतर भलत्याच माणसाचं बोलणं. अलार्म एकही येत नाही. ही चूक कानानेच सापडते, म्हणून समोरच्या बाजूलाही फोन कानाला लावून बसलेला माणूस हवा. त्यानंतर व्यस्त, न उचललेला, अस्तित्वात नसलेला आणि बंद असलेला असे सगळे नंबर लावा. ‘स्विच ऑफ आहे’ ही घोषणा ऐकताना उत्तराचा सिग्नल आला, तर तो रूट सुरू करू नका; ग्राहकाला घोषणेचे पैसे पडतील.

पोर्ट झालेला, म्हणजे तोच ठेवून ग्राहकाने कंपनी बदललेला, नंबर हमखास लावा. आपल्याकडे कॉल जिथून निघतो त्या ऑपरेटरनेच आधी चौकशी करून, रूटिंग नंबर (नव्या कंपनीची वाट दाखवणारा) पुढे जोडून कॉल योग्य कंपनीकडे पाठवायचा असतो. तो जोडलेला नंबर समोरच्याच्या तक्त्यात नसेल तर कॉल तिथेच मरतो, आणि जुन्या मालिकेच्या नंबरवर चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

सीएलआयला, म्हणजे फोन करणाऱ्याच्या दिसणाऱ्या नंबरला, हात लावायचा नाही. ग्राहकाचा नंबर जसा आला तसाच पुढे जायला हवा, आणि नेचर ऑफ अ‍ॅड्रेस (नंबर देशातला की परदेशी ते सांगणारी खूण) बरोबर हवा. परदेशातून आलेल्या ट्रंकवर (जोडणीवर) +९१ चा नंबर दिसला तर तो रोमिंगवरचा ग्राहक आहे की बनावट कॉल, ही छाननी झालीच पाहिजे. लोकांची आयुष्यभराची बचत लुटणारे अनेक कॉल असेच आत येतात.

सुरू झाल्यावर पहिला महिना प्रत्येक रूटचा कॉज ३४ तासागणिक बघा. देशातल्या कॉलचं टर्मिनेशन शुल्क (कॉल उतरवून घेणाऱ्या कंपनीला द्यायचे पैसे) १ जानेवारी २०२१ पासून शून्य असलं, तरी सीडीआर (प्रत्येक कॉलची नोंद) जुळवणं सोडू नका. आंतरराष्ट्रीय कॉल आणि कॅरेजचे (कॉल लांब वाहून नेण्याचे) पैसे त्यावरच ठरतात. शिवाय जादा पोर्ट मागताना समोरचा ‘तुमचा आकडा आम्हाला मान्य नाही’ म्हणेल, तेव्हा दोघांनी सही केलेला गेल्या महिन्याचा ताळमेळ जोडता येतो. दोन्ही स्विचची वेळ एकाच जीपीएसवर आहे ना, हे त्यासाठी पहिल्याच दिवशी बघून ठेवा.