हॅश नेटवर्कवर वाटू नका: युनिक्स लॉगिनमधल्या या चुका टाळा

"पासवर्ड एनक्रिप्टेडच आहेत, दिसले तर दिसले." जुन्या युनिक्स लॅबमध्ये हे अजून ऐकू येतं आणि तिथेच घात होतो. कारण साठवलेला असतो तो हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेली अक्षरं, आणि तो हाती लागला की अंदाज करत मूळ पासवर्ड शोधता येतो. एनआयएस (सगळ्या मशिनांना खात्यांची एकच यादी वाटणारी जुनी व्यवस्था) चालू असेल तर साध्या खात्यातून 'वायपीकॅट पासडब्ल्यूडी' ही ती यादी दाखवणारी आज्ञा चालवून बघा. दुसऱ्या रकान्यात 'एक्स' किंवा तारा दिसला तर ठीक. १३ अक्षरांची गिचमिड दिसली, तर ते डीईएस क्रिप्ट या जुन्या पद्धतीचे हॅश. त्यात पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजली जातात आणि सॉल्ट (हॅश काढताना मिसळलेली जादा अक्षरं) जेमतेम ४,०९६ प्रकारचं असतं. १९७९ मध्ये मॉरिस आणि थॉम्सन यांनी ही पद्धत मांडली तेव्हा ती चांगली होती. आजच्या ग्राफिक्स कार्डापुढे तिचा निभाव लागत नाही.

शॅडो फाइल (हॅश ठेवायची, फक्त रूट या सर्वाधिकारी खात्याला वाचता येणारी फाइल) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एनआयएसच्या मेकफाइलमध्ये 'मर्ज पासवर्ड' ट्रू असेल तर शॅडोतले हॅश पुन्हा मॅपमध्ये (एनआयएस वाटतो त्या यादीत) मिसळून सगळ्यांना मिळतात. वेगळा शॅडो मॅप दिला तरी तो फक्त १०२४ खालच्या, म्हणजे रूटलाच वापरता येणाऱ्या पोर्टवरून मागता येण्याची अट स्वतःच्या लॅपटॉपवर रूट असलेल्याला अडवू शकत नाही.

आणखी एक फसवी अडचण. सर्व्हर डेबियन ११ या लिनक्सवर नेला, लोकांनी पासवर्ड बदलले आणि जुन्या मशिनांवर बरोबर पासवर्डही चालेना. सर्व्हरचा दोष नसतो. डेबियन ११ चा नवा हॅश येसक्रिप्ट पद्धतीचा, 'डॉलर वाय डॉलर'ने सुरू होणारा, आणि एनआयएसमध्ये पडताळणी क्लायंट, म्हणजे लॉगिन होत असलेलं मशिन, करतो. त्याची लायब्ररी जुनी असेल तर हा हॅश तिला कळतच नाही. म्हणजे सगळ्यात जुनं मशिन अख्ख्या नेटवर्कची सुरक्षा ठरवतं! तात्पुरतं जुन्या मशिनांनाही कळणाऱ्या एसएचए-५१२ हॅशवर या. पद्धत बदलल्याने जुने हॅश आपोआप बदलत नाहीत. पासवर्ड नव्याने टाकायला लावावेच लागतात.

माझ्या मते हॅश सर्व्हरबाहेर जाताच कामा नये. त्यासाठी कर्बरॉस (तिकिटांवर चालणारी लॉगिन व्यवस्था) घ्या, नाहीतर एलडॅपवर (खात्यांच्या डिरेक्टरीवर) बाइंड करून, म्हणजे पासवर्ड सर्व्हरला देऊन तिथेच पडताळणी. पण ओपनएलडॅप या एलडॅप सर्व्हरमध्ये प्रवेशनियम लिहिलेच नाहीत, तर हॅश असलेला 'युजरपासवर्ड' रकाना कोणालाही वाचता येतो. निनावी, म्हणजे लॉगिन न करता शोध घेऊन तपासा. दोन कोलननंतर दिसणारी अक्षरं निव्वळ बेस६४ असतात, ती कोणीही उलगडतो. स्वतःला बदलण्याची, निनावीला फक्त पडताळणीची आणि बाकी कोणाला काहीच परवानगी नाही, असा नियम लावा. बाइंड टीएलएसवरूनच (एनक्रिप्टेड जोडणीवरूनच) करा, नाहीतर ३८९ पोर्टवरून मूळ पासवर्डच उघडा जातो.