फंडाच्या स्वतंत्र समितीचा अहवाल कसा वाचायचा

कॅनडात म्युच्युअल फंड किंवा ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड) घेतलेल्या प्रत्येकाला एक अहवाल फुकट वाचायला मिळतो, आणि तो जवळजवळ कोणीच उघडत नाही. इंडिपेंडंट रिव्ह्यू कमिटी, म्हणजे आयआरसी, या समितीचा वार्षिक अहवाल. बहुधा मोजक्या पानांचाच असतो. तुमच्या आरआरएसपीतला (निवृत्तीसाठीचं खातं), टीएफएसएतला (करमुक्त बचत खातं), मुलांच्या आरईएसपीतला (शिक्षणासाठीचं खातं) पैसा ज्या फंडांत आहे, तिथे कंपनीचं हित आणि तुमचं हित समोरासमोर आलं तेव्हा काय झालं, ते या कागदात लिहिलेलं असतं. मी एका फंड कंपनीच्या कम्प्लायन्स, म्हणजे नियमपालन पाहणाऱ्या, विभागात बरीच वर्षं या समितीच्या बैठकांचे कागद तयार करत होते. अहवाल हातात घेतल्यावर त्यात नेमकं काय शोधायचं, ते सांगते.

आधी ही समिती आली कुठून ते बघू, कारण ते कळल्याशिवाय अहवालातली वाक्यं निर्जीव वाटतात. भारतातून आलेल्या मंडळींचा समज असतो की फंडावर विश्वस्तांची नजर असणारच. भारतात विश्वस्तांपैकी किमान दोन तृतीयांश स्वतंत्र असावे लागतात. कॅनडात मात्र फंड चालवणारी कंपनीच बऱ्याचदा त्या फंडाची ट्रस्टीही असते. पूर्वी इथे कंपनीच्या स्वार्थाचा संशय येईल अशा काही व्यवहारांवर सरसकट बंदी होती आणि सवलत हवी असेल तर नियामकाकडे अर्ज करावा लागे. नॅशनल इन्स्ट्रुमेंट ८१-१०७ हा नियम नोव्हेंबर २००६ मध्ये लागू झाला, कंपन्यांना तयारीला वर्षभर मिळालं आणि त्यातल्या काही बंद्या सैल झाल्या. त्या बदल्यात प्रत्येक सार्वजनिक फंडावर किमान तीन जणांची समिती आली. तिघेही कंपनीशी संबंध नसलेले हवेत. म्हणजे आधी जे करताच येत नव्हतं, ते आता या तिघांच्या मंजुरीने करता येतं. म्हणूनच ती मंजुरी कशी दिली गेली, हे वाचण्याला महत्त्व आहे.

हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे काहीतरी गैरव्यवहार, असं समजू नका. सोसायटीचं रंगकाम सेक्रेटरीच्या मेव्हण्याला दिलं, तर काम चांगलं होईलही, दरही रास्त असेल, पण ते ठरवणारा सेक्रेटरी एकटा नको, एवढंच म्हणणं असतं. इथेही तेच.

अहवाल मिळवायचा कसा

तुमच्याकडे जे आहे ते या नियमात बसतं का, हे आधी बघा. साधे म्युच्युअल फंड, ईटीएफ आणि शेअर बाजारात नोंदलेले बंदिस्त फंड बसतात. विमा कंपनीचे सेग्रिगेटेड फंड बसत नाहीत, कारण तो विम्याचा करार आहे. फक्त निवडक श्रीमंत गुंतवणूकदारांना विकले जाणारे खाजगी पूल्ड फंडही बसत नाहीत. बँकेत भेटलेल्या माणसाने सगळ्यालाच ‘फंड’ म्हटलेलं असतं, म्हणून स्टेटमेंटवरचं पूर्ण नाव बघूनच ठरवा.

अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर असावाच लागतो, पण फंडाच्या परताव्याच्या पानावर शोधू नका. गव्हर्नन्स किंवा नियामक कागदपत्रं अशा नावाखाली खाली कुठेतरी असतो. नाही सापडला तर सेडर प्लसवर, म्हणजे नियामकांकडे दाखल झालेले कागद जिथे बघता येतात त्या संकेतस्थळावर, फंडाचं नाव टाका, किंवा सरळ फोन करून मागा. मागितल्यावर तो विनामूल्य द्यावाच लागतो. फंडाची वार्षिक आर्थिक विवरणपत्रं दाखल होतात त्या दिवसापर्यंत हा अहवाल तयार हवा. म्हणजे ज्या फंडाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, त्याचा अहवाल मार्चअखेरपर्यंत येतो.

त्याच वेळी आणखी एक कागद डाउनलोड करून घ्या: मॅनेजमेंट रिपोर्ट ऑफ फंड परफॉर्मन्स, म्हणजे फंडाच्या कामगिरीबद्दल कंपनीने दिलेला अहवाल, ज्याला सगळे एमआरएफपी म्हणतात. तो का, ते पुढे येईल. मागच्या वर्षीचा आयआरसी अहवाल सोडला तर या दोन्हीशिवाय तिसरा कागद लागत नाही.

माणसं आणि मानधन

पहिल्या भागात सदस्यांची नावं आणि ते कधीपासून आहेत ते असतं. एका नेमणुकीची मुदत एक ते तीन वर्षं. एकूण सहा वर्षांच्या पुढे कोणाला ठेवायचं तर कंपनीची संमती लागते. सहा वर्षं उलटलेला सदस्य वाईट, असं अजिबात नाही, जुन्या माणसाला कागद चटकन कळतात. पण ज्या कंपनीवर नजर ठेवायची, तिच्याच संमतीने तो तिथे टिकला आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा. तोच माणूस आणखी कोणत्या फंडगटांच्या समितीवर आहे, हेही लिहावं लागतं. व्यवस्थापक कंपनीचे किंवा फंडाला सेवा देणाऱ्यांचे शेअर सदस्यांकडे असतील तर तेही. एखाद्याच्या स्वतंत्रपणाबद्दल कोणाला शंका येईल असं नातं असेल, तर समितीने त्याला स्वतंत्र का मानलं याचं कारण द्यावं लागतं. तेवढा परिच्छेद दोनदा वाचा.

मानधन फंडातून, म्हणजे तुमच्या पैशातून जातं. आकडा बघून अंगावर काटा येण्याचं कारण नाही, कारण तो अनेक फंडांत वाटलेला असतो आणि एका फंडाच्या वाट्याला बहुधा किरकोळ रक्कम येते. सुरुवातीचं मानधन कंपनी ठरवते, नंतर समिती स्वतः ठरवते. कंपनीची शिफारस समितीने मानली नसेल तर ते कारणासकट लिहावं लागतं. असं वाक्य दिसलं तर मला ते बरं लक्षण वाटतं. निदान टेबलाच्या दोन बाजू वेगळं बोलत होत्या.

मंजुरी आणि शिफारस एक नव्हे

खरा मजकूर इथे आहे, आणि घाईत वाचणाऱ्याचं लक्ष इथेच चुकतं.

काही व्यवहार असे आहेत की समितीची मंजुरी नसेल तर कंपनीला ते करताच येत नाहीत. एकाच कंपनीच्या दोन फंडांतला आपसातला व्यवहार त्यातला एक. समजा एका फंडातून लोक पैसे काढून घेतायत, फंडाला रोकड हवी आहे आणि त्याच्याकडे फारसा उलाढाल नसलेला एक बाँड आहे. बाहेर विकायला गेलं तर भाव पाडून मागतील. त्याच कंपनीच्या दुसऱ्या फंडात रोकड पडून आहे. त्याने तो बाँड घेतला तर दलाली वाचते, काम दुपारपर्यंत होतं. पण ज्या भावाने पहिला फंड सुटला, त्या भावाने दुसरा अडकला तर? म्हणून नियम असा की बाँडचा भाव त्या वेळच्या बाहेरच्या, स्वतंत्र खरेदीच्या सर्वांत वरच्या आणि विक्रीच्या सर्वांत खालच्या बोलीची सरासरी हवा, बोल्या सहज उपलब्ध हव्यात, आणि नोंद पाच वर्षं जपायची. माझ्या कामातला मोठा वेळ या बोल्यांचे कागद लावण्यात जायचा. कोणत्या डीलरकडून, किती वाजता, कोणी विचारलं. समितीत एक निवृत्त लेखापरीक्षक होते, ते प्रत्येक व्यवहाराची वेळ आणि बोलीची वेळ शेजारी शेजारी ठेवून बघायचे. सकाळची बोली घेऊन दुपारी व्यवहार झालेला त्यांना चालत नसे. समितीचं काम असं असतं, आणि ते मनापासून करणाऱ्यांबद्दल मला आजही आदर आहे.

दुसरा प्रकार बँकांच्या फंडगटांत हमखास दिसतो: फंडाने आपल्याच मालक बँकेचे शेअर घेणं. टोरांटोच्या निर्देशांकात बँकांचा वाटा मोठा असल्यामुळे ते टाळणं अवघड आहे, यात वावगं काही नाही. बघायचं ते एवढंच की घेण्याचा निर्णय मालकाच्या दबावाशिवाय झाला, असं समितीने कशावरून मानलं. तिसरा प्रकार, कंपनीशी संबंधित डीलर ज्या नव्या शेअरविक्रीचा अंडररायटर आहे, म्हणजे ते शेअर खपवण्याची जबाबदारी ज्याने घेतली आहे, त्या विक्रीतले शेअर फंडाने विकत घेणं. विक्री चालू असताना आणि नंतरचे ६० दिवस एरवी याला मनाई असते. न खपलेला माल आपल्याच फंडाच्या गळ्यात मारला जाऊ नये, हा हेतू उघड आहे.

याखेरीज सगळं शिफारशीत येतं: कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक व्यवहार, खर्च कोणत्या फंडावर किती टाकायचा, चुकीची भरपाई कशी द्यायची, दलालीच्या बदल्यात संशोधन घेणं. इथे समिती फक्त मत देते. मत प्रतिकूल असलं तरी कंपनी पुढे जाऊ शकते. मग समितीला कळवावं लागतं, आणि समिती सांगू शकते की आधी गुंतवणूकदारांना कळवा. अशी सूचना किमान ३० दिवस आधी जावी लागते.

म्हणून पेन्सिल घ्या आणि अहवालात ‘अप्रूव्हल’ आणि ‘रेकमेंडेशन’ वेगवेगळे अधोरेखित करा. मग ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ शोधा. प्रत्येक व्यवहारासाठी समिती बसत नाही, एका प्रकारच्या व्यवहारांना अटी घालून कायमची परवानगी देते आणि वर्षातून एकदा ती तपासते. अहवालात बहुतेक याच परवानग्यांची यादी दिसेल. यादीत नवी परवानगी आली का, हे मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवला की लगेच कळतं.

आता एमआरएफपी उघडा. त्यात संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांचा भाग असतो. तुमच्या फंडाने वर्षभरात प्रत्यक्षात असे व्यवहार केले का, ते तिथे दिसतं. आयआरसीचा अहवाल बऱ्याचदा फंडांच्या अख्ख्या गटासाठी एकच असतो, त्यामुळे परवानगी आहे हे कळतं, वापरली का हे तुमच्या फंडापुरतं तिथे कळेलच असं नाही. एकीकडे परवानगी, दुसरीकडे वापर, हे जुळवून पाहिल्याशिवाय वाचन पुरं झालं असं मी मानत नाही.

अहवालाच्या शेवटाकडे दोन कोरडी वाक्यं असतात: समितीची अनुकूल शिफारस नसताना कंपनीने काही केलं का, आणि समितीने घातलेली अट मोडली गेली का. बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर ‘नाही’. त्यावरून सगळं आलबेल आहे असा निष्कर्ष काढू नका. समिती मुख्यतः कंपनीने समोर ठेवलेल्या विषयांवर बोलते. विषय मांडण्याची जबाबदारी कंपनीची आहे. ‘नाही’ याचा अर्थ, जे मांडलं गेलं त्यात मतभेद राहिला नाही. आणि ‘हो’ असेल तर तो वर्षातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद आहे.

समिती नुसती कंपनीच्या लोकांसमोर बसते असंही नाही. वर्षातून एकदा तरी कंपनीच्या माणसांना बाहेर काढून बैठक घ्यावीच लागते. आमच्याकडे ती प्रत्येक वेळी शेवटी व्हायची आणि कधी कधी खूप लांबायची. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कळत नसे, नंतर प्रश्नांची यादी यायची. गरज वाटली तर समिती फंडाच्या खर्चाने स्वतःचा वकील नेमू शकते.

मत न घेता विलीनीकरण

घरी कधी पत्र येतं की तुमचा फंड अमुक फंडात विलीन होतोय. असे बदल गुंतवणूकदारांच्या मतदानाने व्हायचे. आता, दोन्ही फंड त्याच कंपनीचे किंवा तिच्या सहयोगी कंपनीचे असतील आणि ठरावीक निकष पूर्ण होत असतील, तर समितीची मंजुरी पुरते, मतदान लागत नाही. तुम्हाला फक्त ६० दिवस आधी लेखी सूचना मिळते. लेखापरीक्षक बदलतानाही असंच. हे पत्र कचऱ्यात टाकू नका. नव्या फंडाचं उद्दिष्ट, व्यवस्थापन शुल्क आणि एमईआर (फंडाच्या एकूण खर्चाचं प्रमाण) जुन्याशी ताडून बघा. पटत नसेल तर बाहेर पडायला हे ६० दिवस हातात आहेत. टीएफएसए किंवा आरआरएसपीबाहेर ठेवलेला फंड असेल तर विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो, तो आधी मोजा.

प्रश्न विचारायचे कसे

लेखी विचारा, नेमकं विचारा. ‘माझा फंड सुरक्षित आहे का’ याला छापील उत्तर येईल. त्याऐवजी: माझ्या फंडाने गेल्या वर्षी दुसऱ्या फंडाशी आपसात व्यवहार केले का? संबंधित अंडररायटरकडून काही घेतलं का? नवी कायमची परवानगी कोणत्या प्रकारासाठी, आणि तिच्या अटी कोणत्या? पत्र कंपनीच्या पत्त्यावर, आयआरसीसाठी असं ठळक लिहून पाठवा आणि प्रत जपून ठेवा.

फंड नीट वाढला नाही, सल्लागाराने चुकीचा फंड गळ्यात मारला, विक्रीच्या वेळी शुल्क सांगितलं नाही, या गोष्टी समितीच्या कक्षेत येत नाहीत. विकणाऱ्या फर्मकडे लेखी तक्रार करा. तिथे समाधान झालं नाही तर ओबीएसआय या लोकपालाकडे जा, तिथे गुंतवणूकदाराला शुल्क लागत नाही. व्यवस्थापक कंपनीनेच नियम मोडल्याचा संशय असेल तर तुमच्या प्रांताच्या नियामकाला कळवा: ओंटारियोत ओंटारियो सिक्युरिटीज कमिशन, क्युबेकमध्ये एएमएफ. सोबत अहवालाचं ते पान आणि एमआरएफपीतला तो भाग जोडा.